समकालीन आफ्रिकी साहित्य आणि छायाचित्रं : नव्या वाचकाने कुठून सुरुवात करावी

२०२१ साली नोबेल मिळालं झांजिबारमध्ये जन्मलेल्या अब्दुलरझाक गुरनाह यांना. बुकर गेलं दक्षिण आफ्रिकेच्या डेमन गॅलगट यांच्याकडे आणि आंतरराष्ट्रीय बुकर सेनेगलमध्ये वाढलेल्या डेव्हिड दिओप यांच्याकडे. फ्रान्समधलं मानाचं गाँकूर पारितोषिक सेनेगलच्याच मोहम्मद म्बुगार सार यांना मिळालं, तर पोर्तुगीज भाषेतला सर्वांत मोठा कामोइंश पुरस्कार मोझांबिकच्या पाउलिना शिझियाने यांना. हे सगळं एकाच वर्षात. तेव्हापासून 'आफ्रिकेतलं काही वाचायचंय, कुठून सुरुवात करू?' असं विचारणारे मराठी वाचक मला वरचेवर भेटतात.

बहुतेक ठिकाणी त्यांच्या हातात दहा जाड कादंबऱ्यांची यादी दिली जाते आणि तिच्या डोक्यावर नायजेरियाचे चिनुआ अचेबे यांची १९५८ सालची पहिली कादंबरी असते. कादंबरी थोर आहे, ती वाचायचीच आहे. पण आज लिहिणारी पिढी समजून घ्यायची असेल तर तिथून सुरुवात करू नये असं माझं ठाम मत आहे. आधी फोटो बघावेत, मग एकेक कथा वाचावी, मग एखाद्या मासिकाचा अख्खा अंक, मग कविता आणि निबंध. जाड पुस्तकं त्यानंतर. प्रत्येक पायरीवर स्वतःला एकच प्रश्न विचारत राहावा : हे कोणासाठी केलंय? हा फोटो कोणाच्या घरात लागणार होता, ही कथा लिहिताना लेखकाच्या डोळ्यांसमोर कोण होतं? उत्तर प्रत्येक वेळी मिळणार नाही, पण या प्रश्नामुळे नजर लवकर तयार होते.

पायरी १ : आधी एक जागा निवडा

खंडात ५४ देश आहेत. लिहिण्याच्या मोठ्या भाषा म्हणाल तर इंग्रजी, फ्रेंच, अरबी, पोर्तुगीज, स्वाहिली, शिवाय योरुबा, हौसा, अम्हारिक, सोमाली, झुलू, शोना, गिकुयू अशा कित्येक. एवढं सगळं एकदम हातात येत नाही आणि यायची गरजही नाही. लागोस, नैरोबी, जोहान्सबर्ग–केपटाऊन, बामाको–डाकार किंवा पूर्वेचा स्वाहिली किनारा यांपैकी एक जागा घ्या आणि चार-सहा महिने तिथेच राहा. एका शहरातले लेखक एकमेकांना ओळखतात, एकमेकांवर रागावतात, एकमेकांना उत्तरं देतात. ती चर्चा कानावर पडायला लागली की वाचनात रंग भरतो. आज नायजेरिया, उद्या इजिप्त, परवा अंगोला असं फिरणाऱ्याला ती ऐकूच येत नाही.

कोणती जागा निवडावी हे सुचत नसेल तर नैरोबी घ्या. तिथलं लेखन इंग्रजीत भरपूर आहे आणि भारतीय नावं, दुकानं, खाद्यपदार्थ त्यात सहज येतात, त्यामुळे पाय लवकर टेकतात.

पायरी २ : फोटो बघायला बसा

'बसा' हा शब्द मुद्दाम वापरला. एका फोटोला दहा मिनिटं द्यायची.

सुरुवात मालीची राजधानी बामाको इथून करा. सेदू केयता यांनी १९४८ साली तिथे स्टुडिओ उघडला. डाकारहून येणारी रेल्वे जवळच थांबायची, त्यामुळे गिऱ्हाईक दूरदूरचं. फोटो अंगणात, दिवसाच्या उजेडात काढायचे आणि मागे नक्षीचं कापड लावायचे. पहिलं कापड म्हणजे त्यांच्याच पलंगावरची चादर. दोन-तीन वर्षांनी पडदा बदलला जाई, म्हणून कोणता फोटो कधीचा हे पुढे त्या पडद्यांवरूनच ठरवता आलं. स्टुडिओत घड्याळ, पेन, रेडिओ, स्कूटर असं सामान ठेवलेलं असे. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं आणि ज्या रूपात स्वतःला बघायची इच्छा आहे त्या रूपात उभं राहावं. कागद महाग असल्यामुळे केयता बहुधा एकच फोटो काढत. म्हणून ते आधी माणसाला नीट न्याहाळत, हात कुठे ठेवायचा, मान किती वळवायची हे सांगत आणि मगच बटण दाबत.

असा एखादा फोटो मोठा करून पडद्यावर घ्या. ठिपक्याठिपक्यांचा किंवा फुलाफुलांचा पोशाख घातलेली बाई, मागे तितकीच नक्षीदार चादर. कापडात कापड मिसळून जातं आणि चेहरा व हात तेवढे बाहेर येतात. बांगड्या मोजता येतात. बोटं कशी ठेवली आहेत ते बघा, कारण तेवढ्यासाठीही दोघांनी वेळ घेतलेला असतो. हे फोटो भिंतीवर लावायला, नातेवाइकांना पाठवायला काढलेले होते. १९९१ साली न्यू यॉर्कच्या एका प्रदर्शनात त्यांतले काही लागले तेव्हा खाली छायाचित्रकाराचं नावच नव्हतं, 'अज्ञात' असं होतं. नंतर एक फ्रेंच जाणकार बामाकोला शोधत गेला आणि केयता जगाला माहीत झाले. त्यांच्या शहरात मात्र ते अज्ञात कधीच नव्हते.

मग त्याच शहरातले मालिक सिदिबे. १९६० साली माली स्वतंत्र झाला आणि तरुण पोरापोरींच्या नाचगाण्याच्या पार्ट्या सुरू झाल्या. सिदिबे शनिवारी रात्री सायकलवरून एका पार्टीतून दुसरीत जात, रात्रीतच फिल्म धूत आणि छोट्या प्रती स्टुडिओबाहेर लावत. लोक येऊन आपला फोटो शोधत आणि मोठी प्रत सांगून जात. त्यांचा १९६३ सालचा नाताळच्या रात्रीचा फोटो जगभर पोचला आहे. एक मुलगा आणि एक मुलगी नाचताहेत. तो सुटात, ती पांढऱ्या झग्यात आणि अनवाणी. दोघांची डोकी एकमेकांना लागतील इतकी जवळ आलेली आणि दोघंही खाली पावलांकडे बघत हसताहेत. बघणाऱ्याला वाटतं प्रेमिक असतील. ती भावंडं आहेत आणि भाऊ बहिणीला नाच शिकवतोय. हे कळल्यावर फोटो पुन्हा बघा, पावलांकडे लागलेली ती नजर आता वेगळी दिसेल. २००७ साली व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनाने सिदिबे यांना जीवनगौरव दिला. हा मान मिळालेले ते पहिले छायाचित्रकार आणि पहिले आफ्रिकी.

या दोघांनंतर सॅम्युएल फोसो. नायजेरियातल्या बियाफ्रा यादवी युद्धाच्या झळा सोसून हा मुलगा मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या बांगी शहरात आला आणि १९७५ साली, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, त्याने स्वतःचा स्टुडिओ टाकला. दिवसभराच्या गिऱ्हाइकांनंतर रोलमध्ये थोडी फिल्म उरे. ती वाया जाऊ नये म्हणून तो नटूनथटून स्वतःचेच फोटो काढी आणि नायजेरियातल्या आजीला पाठवी, मी बरा आहे हे तिला दिसावं म्हणून. आज ते फोटो मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

नायजेरियाचे ओखाई ओजेइकेरे यांनी १९६८ पासून बायकांच्या केशरचनांचे, बहुतेक पाठीमागून, शेकड्यांनी फोटो काढले. ते एका बैठकीत ओळीने बघण्यासारखे आहेत. दक्षिण आफ्रिकेत गेलात तर डेव्हिड गोल्डब्लॅट आणि सांतू मोफोकेंग यांच्यापासून सुरुवात करा. गोल्डब्लॅट यांनी १९८९ साली जोहान्सबर्गमध्ये 'मार्केट फोटो वर्कशॉप' सुरू केलं. ज्यांना वर्णभेदाच्या काळात कॅमेरा शिकायची सोय नव्हती त्यांच्यासाठी. झानेले मुहोली तिथूनच पुढे आल्या. २००६ पासून त्या आपल्या देशातल्या कृष्णवर्णीय समलिंगी आणि पारलिंगी माणसांची व्यक्तिचित्रं काढताहेत. माणूस सरळ कॅमेऱ्यात बघतो आणि खाली त्याचं नाव, गाव, वर्ष असतं. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्याने समलिंगी विवाहाला त्याच वर्षी मान्यता दिली, पण वस्त्यांमधली हिंसा थांबली नाही. खाली नाव छापू देणं ही त्या माणसाने घेतलेली जोखीम आहे, हे लक्षात ठेवून तो फोटो बघावा.

पायरी ३ : एका बैठकीची कथा

केन पारितोषिक २००० साली सुरू झालं. आफ्रिकी लेखकाच्या एका कथेला ते दिलं जातं आणि निवड झालेल्या बऱ्याच कथा मोफत वाचायला मिळतात. नवख्याला याहून सोपं दार नाही. माझ्या पसंतीच्या चार सांगते.

पहिल्याच वर्षीची विजेती 'द म्युझियम', लेखिका सुदानच्या लैला अबूलेला. स्कॉटलंडमध्ये शिकायला गेलेली सुदानी मुलगी एका वर्गमित्राबरोबर आफ्रिकेवरचं संग्रहालय बघायला जाते. काचेच्या पेट्यांत जे मांडलंय ते तिच्या ओळखीचं नाही. दोन माणसांमधलं सगळं अंतर त्या एका फेरीत उघडं पडतं. फोटोंची पायरी चढून आलेल्या वाचकाला ही कथा लगेच भिडते, कारण कोण कोणाला मांडतंय हा प्रश्न आता त्याच्या ओळखीचा झालेला असतो.

२००७ ची 'जांबुला ट्री', युगांडाच्या मोनिका अराक दे न्येको यांची. दोन मुलींमधल्या प्रेमाची आणि शेजारपाजारच्या जिभांची कथा. हे झाड आपलं जांभळाचंच, आणि नाव युगांडात कुठून पोचलं असेल ते सांगायला नको.

२०११ ची 'हिटिंग बुडापेस्ट', झिम्बाब्वेच्या नोव्हायोलेट बुलावायो यांची. पत्र्याच्या झोपड्यांच्या वस्तीतली पोरं श्रीमंतांच्या भागात पेरू चोरायला जातात. वस्तीचं नाव पॅराडाइज, श्रीमंत भागाचं बुडापेस्ट. भाषा त्या पोरांची, धावती आणि निर्भीड. पुढे हीच त्यांच्या पहिल्या कादंबरीचं पहिलं प्रकरण झाली आणि कादंबरी बुकरच्या अंतिम यादीत गेली. या कादंबरीवर लिहिताना नायजेरियाचे हेलोन हबिला यांनी जाहीर तक्रार केली होती की आफ्रिकेतलं दारिद्र्य पाश्चात्त्य वाचकापुढे सजवून ठेवण्याची सवय या पिढीला लागते आहे. हबिला स्वतः २००१ चे केन विजेते. लंडनहून चालणाऱ्या पुरस्काराच्या आवडीनुसार कथा लिहिल्या जातात का, हा वाद तेव्हापासून चालू आहे. मला ती कथा फार आवडते आणि हबिलांची तक्रारही गंभीर वाटते. नव्या वाचकाने दोन्ही पाठोपाठ वाचाव्यात.

चौथी, २०१२ ची 'बॉम्बेज रिपब्लिक'. लेखक नायजेरियाचे रोटिमी बाबातुंडे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पश्चिम आफ्रिकेतल्या हजारो सैनिकांना इंग्रजांनी लढायला आणलं होतं. त्यांतला एक युद्ध संपल्यावर 'बॉम्बे' हे नाव घेऊन गावी परततो. गोरा साहेब घाबरतो, रडतो आणि मरतो हे त्याने जंगलात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आता तो कर का भरेल? तो आपल्या घरापुरतं स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर करतो. विनोदी अंगाने जाणारी ही कथा शेवटी जिथे पोचते ते मी सांगणार नाही.

वाचताना एक पथ्य पाळा. अनोळखी शब्द आला की शोधायला थांबू नका. उगाली, मटाटू, अगबाडा हे शब्द तिथल्या वाचकासाठी जसेच्या तसे ठेवलेले असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आपोआप उलगडतात. ज्या कथेत प्रत्येक शब्दापाठोपाठ त्याचा अर्थ समजावून दिलाय, तिथे आपला प्रश्न पुन्हा विचारा : हे कोणासाठी लिहिलंय?

पायरी ४ : मासिकाचा अख्खा अंक

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची हीच. आफ्रिकेतलं आजचं साहित्य उभं राहिलं ते मासिकांवर. युगांडाच्या कंपालामध्ये जन्मलेले रजत निओगी यांनी १९६१ साली तिथेच 'ट्रान्झिशन' काढलं. खंडभरातले तरुण लेखक तिथे एकमेकांशी भांडले. आफ्रिकी लेखकाने इंग्रजीत लिहावं का, हा वादही त्याच पानांवर पेटला. सरकारवर टीका छापल्याबद्दल निओगी यांना १९६८ मध्ये तुरुंगात टाकलं गेलं. मासिक नंतर देशोदेशी हिंडलं, पण आजही निघतं.

नैरोबीत २००३ साली बिन्यावांगा वायनाइना आणि मित्रांनी 'क्वानी?' सुरू केलं. त्यात स्वाहिली-इंग्रजीची खिचडी असलेली शेंग ही रस्त्यावरची बोली छापली गेली, व्यंगचित्रं आली, फोटो आले. पहिल्याच वर्षी त्यातल्या एका कथेला केन मिळालं. यव्होन अधियाम्बो ओवुओर यांची ती कथा, रवांडाच्या नरसंहारानंतर नैरोबीत येऊन पडलेल्या एका खानदानी निर्वासिताची. केपटाऊनचं 'चिमुरेंगा' २००२ पासूनचं. संगीत, राजकारण आणि लेखन त्यात एकत्र नांदतं.

आज मोबाइलवर सहज वाचता येण्याजोगी दोन नावं घ्यायची तर केनियाचे ट्रॉय ओन्यांगो यांनी २०२० मध्ये काढलेलं 'लोल्वे' आणि नामिबियाच्या विंडहूकमधून रेमी न्गामिजे चालवतात ते 'डूक!'. लोल्वे हे व्हिक्टोरिया सरोवराचं लुओ भाषेतलं नाव. २०२१ च्या केनच्या अंतिम यादीत हे दोघंही संपादक लेखक म्हणून होते. न्गामिजे यांची कथा ओन्यांगोंच्या मासिकात आली होती आणि ओन्यांगोंची न्गामिजे यांच्या. मोठ्या प्रकाशकाची वाट न बघता दोन तरुणांनी एकमेकांसाठी जागा केली आणि ती थेट त्या यादीपर्यंत पोचली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

एक अंक निवडा आणि संपादकीयापासून शेवटपर्यंत वाचा. आवडलं नाही म्हणून उडी मारू नका. कवितेनंतर फोटोंची मालिका येते, मग निबंध, मग कथा, आणि हा क्रम कोणीतरी विचार करून लावलेला असतो. लागोसच्या पुलाखालचे फोटो पाहून झाल्यावर वाचलेली कथा वेगळी ऐकू येते. अंक संपल्यावर कोणत्या तीन नावांचं आणखी वाचायचंय ते लिहून ठेवा. पुढची यादी तुमची तुम्हीच तयार केलेली असेल.

पायरी ५ : कविता मोठ्याने

आफ्रिकेतली बरीच समकालीन कविता आधी मंचावर आणि नंतर कागदावर आलेली आहे. म्हणून आधी ध्वनिचित्रफीत शोधा, कवीचा आवाज ऐका आणि मग छापील ओळी स्वतः मोठ्याने वाचा. दक्षिण आफ्रिकेच्या कोलेका पुतुमा यांचा पहिला संग्रह २०१७ साली 'उह्लांगा' या छोट्या प्रकाशनाने काढला आणि कवितेच्या मानाने तो प्रचंड खपला. समुद्रावरची त्यांची कविता आधी ऐका. वर्णभेदाच्या काळात किनारेही कातडीच्या रंगानुसार वाटलेले होते, एवढं माहीत असलं की पुरे.

वारसान शायर यांचा जन्म नैरोबीतला, आईवडील सोमाली, त्या वाढल्या लंडनमध्ये. २०१३ साली सुरू झालेल्या ब्रुनेल आफ्रिकी कविता पारितोषिकाच्या त्या पहिल्या विजेत्या. घर सोडणाऱ्यांवरची त्यांची कविता २०१५ च्या निर्वासित संकटात लाखो लोकांनी एकमेकांना पाठवली.

मला सगळ्यांत जवळच्या वाटतात त्या सुदानी वंशाच्या साफिया एलहिलो. त्यांच्या २०१७ च्या संग्रहाचं नाव 'द जानेवारी चिल्ड्रन'. इंग्रजांच्या अमलाखाली सुदानमध्ये मुलांची उंची बघून जन्मसाल ठरवलं जाई आणि सगळ्यांची जन्मतारीख एकच लिहिली जाई, १ जानेवारी. ज्यांच्या घरात मास्तरांनी शाळेच्या दाखल्यावर १ जून घातलेले आजोबा आहेत त्यांना हे नाव समजावून सांगावं लागत नाही. त्या संग्रहात एलहिलो इजिप्तचे गायक अब्देल हलीम हाफेझ यांच्याशी बोलतात, त्यांच्या एका गाण्यातली सावळी मुलगी आपणच आहोत असं समजून. आधी हाफेझ यांचं एखादं गाणं लावा आणि मग कविता वाचा. अरबी ओळी मध्ये येतील. त्यांचा नाद तेवढा ऐकायचा.

पुढे जायचं असेल तर क्वामे डॉझ यांनी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात सुरू केलेला 'आफ्रिकन पोएट्री बुक फंड' शोधा. २०१४ पासून त्यांच्याकडून नव्या कवींच्या छोट्या पुस्तिकांचे संच पेटीच्या रूपात निघतात. आणि एक जुनं पुस्तक इथे अपवाद म्हणून सांगते. युगांडाचे ओकोट प'बिटेक यांचं १९६६ चं 'साँग ऑफ लाविनो'. नवरा साहेबी थाटाचा झालाय आणि दुसऱ्या बाईच्या नादी लागलाय, म्हणून गावाकडची बायको भांडते आहे. मूळ अचोली गाण्यांच्या चालीवरचं हे दीर्घकाव्य आजही ताजं आहे आणि आजच्या मंचीय कवितेची मुळं त्यात दिसतात.

पायरी ६ : निबंध, पण थोडेच

तीन-चार पुरेत. वायनाइना यांचा २००५ साली 'ग्रँटा' या इंग्लंडमधल्या मासिकात आलेला 'हाउ टू राइट अबाउट आफ्रिका' पहिला. सूर्यास्त, उपाशी मूल, उघडी छाती, रंगीत पक्षी असे साचे वापरून आफ्रिकेवर कसं लिहावं, याच्या उपहासाने भरलेल्या सूचना. वाचायला दहा मिनिटं लागतात आणि पुढे कुठलीही बातमी वाचताना तो आठवतो. वायनाइना २०१९ मध्ये गेले.

मग केनियाचे न्गुगी वा थिओंगो यांचे भाषेवरचे निबंध. १९७७ च्या अखेरीस गिकुयूतल्या एका नाटकामुळे केनियाच्या सरकारने त्यांना विनाचौकशी तुरुंगात टाकलं. तिथे त्यांनी संडासच्या कागदावर गिकुयूतून कादंबरी लिहिली आणि पुढे कथा-कादंबरी मातृभाषेतच लिहीत राहिले. मे २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं. अचेबे यांची बाजू वेगळी होती : इंग्रजी आपल्या हातात आली आहे, तिला आपल्यासारखी वाकवू. मराठी शाळा बंद पडताना बघणाऱ्यांनी हा वाद दोन्ही बाजूंनी वाचलाच पाहिजे.

दक्षिण आफ्रिकेचे न्जाबुलो न्देबेले यांचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. वर्णभेदाविरुद्धच्या लेखनात गोळीबार, लाठ्या, अंत्ययात्रा यांचंच दर्शन घडत राहिलं आणि माणसांचं साधं जगणं, स्वयंपाक, हेवेदावे, शहाणपण बाजूला पडलं. ते परत आणा असं त्यांनी १९८० च्या दशकात, लढा ऐन भरात असताना सांगितलं. सिदिबेंच्या त्या नाचणाऱ्या भावंडांचा फोटो आणि हा निबंध शेजारी ठेवून वाचा.

शेवटचे इमॅन्युएल इदुमा. एमेका ओकेरेके यांनी २००९ मध्ये 'इनव्हिजिबल बॉर्डर्स' नावाचा उपक्रम सुरू केला. छायाचित्रकारांनी लागोसहून गाडीने बामाकोपर्यंत, एकेक सीमा ओलांडत जायचं. इदुमा अशा प्रवासांत लेखक म्हणून होते. त्यातून २०१८ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात लेखन आणि फोटो असे जोडलेले आहेत की दुसऱ्या पायरीवर शिकलेलं सगळं इथे कामी येतं.

पायरी ७ : आपल्या बाजूच्या समुद्रावरून

आता जाड पुस्तकं. यासाठी मी पूर्व किनारा सुचवते, कारण तिथे आपण पूर्ण परके नाही. गुरनाह यांची १९९४ ची 'पॅराडाइज' घ्या. युसुफ नावाच्या मुलाला बापाच्या कर्जापोटी एका व्यापाऱ्याच्या हवाली केलं जातं आणि पहिल्या महायुद्धाआधीच्या टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, तांड्याबरोबर तो आतल्या मुलखात जातो. या जगात भारतीय व्यापारी आणि सावकार आहेत, आणि ते नेहमीच चांगले वागत नाहीत. हे वाचताना अवघड वाटेल, तरी वाचावं. नंतर २०२० ची 'आफ्टरलाइव्ह्ज', मग ओवुओर यांची 'द ड्रॅगनफ्लाय सी', जिची सुरुवात केनियाच्या पाटे बेटावर होते.

गोव्याच्या वाचकांसाठी दोन धागे. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात झांजिबारमध्ये ए. सी. गोम्स या गोवेकराचा फोटो स्टुडिओ होता. सुलतानाच्या राजधानीचे, तिथल्या गल्ल्यांचे आणि माणसांचे जुने फोटो शोधताना खाली हे नाव वारंवार दिसेल. दुसरा धागा पीटर नाझरेथ, कंपालात जन्मलेले गोवेकर कुटुंबातले लेखक. त्यांची 'इन अ ब्राउन मँटल' ही कादंबरी १९७२ मध्ये आली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. ते घडण्याआधी कादंबरीत त्याची चाहूल लागलेली होती.

आणि मराठवाड्यातल्या वाचकांसाठी सेनेगलचे छायाचित्रकार ओमर व्हिक्टर दिओप. त्यांच्या २०१४ च्या 'प्रोजेक्ट डायस्पोरा' मालिकेत आफ्रिकेबाहेर नाव काढलेल्या ऐतिहासिक माणसांच्या वेषात ते स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभे राहतात आणि प्रत्येक फोटोत फुटबॉलमधली एखादी वस्तू असते, कारण परदेशी मैदानात आजच्या आफ्रिकी खेळाडूला जो जयजयकार आणि जी हेटाळणी एकाच वेळी मिळते ती त्यांना जुन्या गोष्टीशी जोडायची आहे. त्या माणसांत विजापूरचा इखलास खान आहे आणि आपला मलिक अंबर आहे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा कारभारी झालेला, खडकी वसवून तिला नहरींचं पाणी देणारा. १६२६ मध्ये तो वारला. कबर खुलताबादला आहे. फोटो आधी पडद्यावर बघा आणि जमेल तेव्हा खुलताबादला जाऊन या.

व्यवहाराच्या गोष्टी

पहिले तीन महिने पैसे खर्च करू नका. केनच्या कथा, मासिकं, कवींच्या ध्वनिचित्रफिती, संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरचे फोटो हे सगळं फुकट आहे. फोटो बघायला मोबाइलपेक्षा मोठा पडदा वापरा, नक्षी आणि बोटं मोबाइलवर दिसत नाहीत. विकत घ्यायला सुरुवात केलीत की कोलकात्याच्या 'सीगल बुक्स'ची आफ्रिका मालिका बघा. छपाई देखणी आहे आणि न्गुगींची काही पुस्तकं तिथे आहेत. छायाचित्रांची पुस्तकं महाग असतात, ती ग्रंथालयात बघावीत. मुंबई विद्यापीठात आफ्रिकी अध्ययनाचं केंद्रच आहे. कलिन्याला जाणं शक्य असेल तर तिथे विचारून बघा.

फ्रेंच, अरबी, पोर्तुगीजमधलं लेखन इंग्रजी अनुवादातून वाचाल तेव्हा अनुवादकाचं नावही वहीत लिहा. आवडता अनुवादक सापडला की त्याने केलेलं दुसरं पुस्तक डोळे मिटून घ्यावं. नावांच्या उच्चारांसाठी लेखकाची मुलाखत ऐका. न्गुगी, म्बुगार, न्देबेले यांतले जोडाक्षराने सुरू होणारे आवाज देवनागरीत छान लिहिता येतात.

चार-पाच जणांचा वाचनगट जमला तर उत्तम. महिन्याला एक कथा आणि एक फोटो, दोन्ही एकाच शहरातले. एकाने त्या शहराची थोडी माहिती काढून आणायची आणि बाकीच्यांनी फक्त वाचून यायचं.

कधीतरी एखादी कविता मराठीत आणावीशी वाटेल. ती लगेच समाजमाध्यमांवर टाकू नका. मासिकाच्या संपादकांना पत्र लिहा, कवीची परवानगी मागा आणि मराठी मजकूर कुठे छापणार ते स्पष्ट सांगा. छोटी मासिकं चालवणारे हे लोक बहुधा स्वतः लेखक असतात आणि दूरच्या भाषेतून आलेल्या पत्राने त्यांना आनंद होतो. फोटोच्या बाबतीत जास्त कडक राहा : परवानगीशिवाय तो वापरायचा नाही, आणि परवानगी मिळाली तर छायाचित्रकाराचं नाव, शहर आणि वर्ष फोटोखालीच द्यायचं.